गुरुदीक्षेनंतरची पन्नास वर्षे : टिकून राहणाऱ्या पालकीय सेवेसाठी सेमिनरीतील घडण

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार वयाची पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणालाही गुरुदीक्षा देता येत नाही (कलम १०३१) आणि प्रमुख धर्मगुरूने पंचाहत्तराव्या वर्षी आपल्या पदाचा राजीनामा बिशपांकडे सादर करावा, अशी अपेक्षा आहे (कलम ५३८). या दोन आकड्यांमध्ये पन्नास वर्षांचे अंतर आहे. सेमिनरीतील शिक्षण आठ-नऊ वर्षांत संपते. त्या शिदोरीवर मात्र अर्धशतकाची वाट चालावयाची असते. आपल्या धर्मग्रामांत गुरुदीक्षेचा सोहळा मंडप, बँड आणि फुलांच्या वर्षावात साजरा होतो. तो व्हावयासच हवा. परंतु पंधरा वर्षांनंतर, चौथ्या बदलीच्या वेळी, त्याच धर्मगुरूच्या मनात प्रार्थनेची गोडी शिल्लक आहे काय, माणसांविषयीचा ओलावा टिकून आहे काय, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारीत नाही. सेमिनरीने मात्र तो पहिल्या दिवसापासून विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखात या घडणीचा इतिहास, तिची आजची रचना आणि तिच्यात अधिक लक्ष घालावे असे आम्हांस वाटणारे काही विषय यांचा परामर्श घेतला आहे.

सेमिनरी ही संस्था कशी आली?

आज सेमिनरीशिवाय धर्मगुरू ही कल्पनाच आपल्याला करवत नाही. तथापि ख्रिस्तसभेच्या इतिहासात ही संस्था तुलनेने अलीकडची आहे. पहिली पंधरा शतके धर्मगुरू घडले ते मठांत, कॅथेड्रलच्या शाळांत, विद्यापीठांत, किंवा एखाद्या वयस्क धर्मगुरूच्या हाताखाली. त्यांत काही विद्वान व संत निपजले. पण लॅटिन मिस्सेचा अर्थही ज्यांना धड कळत नसे असेही पुष्कळ होते. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५ जुलै १५६३ रोजी आपल्या तेविसाव्या सत्रात प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी, असा आदेश काढला. किमान बारा वर्षांचे, लिहिता-वाचता येणारे मुलगे घ्यावेत आणि त्यांत गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे, असे त्या आदेशात म्हटले होते. श्रीमंतांच्या मुलांना मनाई नव्हती, मात्र त्यांनी आपला खर्च स्वतः सोसावयाचा होता. पुढच्याच वर्षी मिलान येथे संत चार्ल्स बोरोमिओ यांनी सेमिनरी सुरू केली.

आपल्या किनाऱ्यावरही हा प्रवाह लवकर पोहोचला. गोव्याच्या साष्टी तालुक्यातील राशोल येथे जेजुइट संघाचे विद्यालय सतराव्या शतकाच्या आरंभी उभे राहिले आणि आजही गोव्याच्या धर्मगुरूंची घडण तेथे होते. मराठी वाचकांना राशोल आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथेच छापले गेले. मूळचा इंग्लंडचा हा धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि येथील लोकांची पुराण ऐकण्याची आवड ओळखून त्याने ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र रचले. पालकीय सेवेची एक फार मोठी दीक्षा त्यात आहे. तिच्याकडे आपण पुढे वळू. ईश्वराचे आदरणीय सेवक फादर आग्नेल डिसोजा हे आयुष्याची शेवटची वर्षे, म्हणजे १९२७ पर्यंत, याच सेमिनरीत आत्मिक मार्गदर्शक होते.

तेराव्या लिओ पोपमहोदयांनी १८९३ साली कँडी येथे भारतासाठी स्थापन केलेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यात आली. मुंबई महाधर्मप्रांताची सेमिनरी गोरेगाव येथे, तर विदर्भात नागपूर येथे संत चार्ल्स सेमिनरी आहे. आपल्या भागातील बहुतेक धर्मगुरू यांपैकी कोणत्या ना कोणत्या वास्तूतून बाहेर पडलेले आढळतील.

आजची रचना

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मगुरूंच्या शिक्षणाविषयी स्वतंत्र आदेशपत्र काढले आणि सेमिनरीतील सर्व शिक्षणाचा रोख पालकीय असावा, असे ठरविले. संत दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या धर्मसभासंमेलनानंतर, २५ मार्च १९९२ रोजी प्रसिद्ध केलेल्या बोधपत्रात घडणीचे चार पैलू सांगितले : मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पालकीय. यातील मानवी पैलू त्यांनी सर्वांचा पाया मानला. धर्मगुरूचे व्यक्तिमत्त्व लोकांना ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल व्हावे, वाटेतील धोंड होऊ नये, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

८ डिसेंबर २०१६ रोजी व्हॅटिकनने घडणीची नवी मूलभूत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात चार टप्पे आहेत. पहिला पूर्वतयारीचा, तो एका वर्षाहून कमी व दोन वर्षांहून अधिक नसावा. दुसरा शिष्यत्वाचा, ज्यात तत्त्वज्ञानाचा अभ्यास येतो. तिसरा ख्रिस्ताशी समरूप होण्याचा, ज्यात ईशज्ञानाचा अभ्यास येतो. चौथा पालकीय, तो सेमिनरी सोडल्यापासून दीक्षेपर्यंतचा असून बहुधा डीकन म्हणून धर्मग्रामात घालवावयाचा असतो. तत्त्वज्ञान व ईशज्ञान मिळून सहा पूर्ण वर्षे हा कायदेसंहितेचा दंडक (कलम २५०) कायमच आहे. डीकनची दीक्षा आणि गुरुदीक्षा यांत किमान सहा महिने जावे लागतात.

येथे 'शिष्यत्व' हा शब्द महत्त्वाचा. पूर्वी त्या काळाला नुसते 'तत्त्वज्ञानाची वर्षे' म्हणत. विषयाच्या नावाऐवजी माणसाच्या अवस्थेचे नाव दिल्याने दृष्टीच बदलते : परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून पुढे गेला, असे आता म्हणता येत नाही. कागदावर तरी येत नाही. प्रत्यक्षात मात्र गुणपत्रिका मोजावयास सोपी आणि मनाची वाढ मोजावयास कठीण, म्हणून सेमिनरीचा काटा पुन्हापुन्हा बौद्धिक पारड्याकडे झुकतो, असे आमचे निरीक्षण आहे.

थकवा हा आळस नव्हे

पालकीय सेवा कोठे खचते? ईशज्ञानातील एखाद्या सिद्धान्ताचे विस्मरण झाले म्हणून सेवा सोडलेला धर्मगुरू आम्हांस ठाऊक नाही. सेवा खचते ती एकटेपणाने, न संपणाऱ्या कामाने, अधिकाऱ्यांशी वा धर्मग्रामाशी झालेल्या अबोल्याने, आणि ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असा एकही मित्र न उरल्याने. मग कोणी कामात बुडतो, कोणी मोबाईलच्या पडद्यात, कोणी बाटलीत. बाहेरून पाहणाऱ्याला तो चिडचिडा झालेला दिसतो, एवढेच.

पवित्र शास्त्राला हा प्रश्न परका नाही. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करीत बसतो आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो की, अशाने तू थकशील आणि लोकही थकतील. लोकही, हे लक्षात घ्यावे. इथ्रोचा उपाय प्रार्थना वाढविण्याचा नाही. हजार, शंभर, पन्नास आणि दहा लोकांवर नायक नेमण्याचा आहे. एलियाने झुडपाखाली बसून मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. देवाच्या डोंगराचा प्रवास त्यानंतरचा. आणि प्रेषित परतल्यावर प्रभू येशूने त्यांना एकांतात नेऊन विसावा घेण्यास सांगितले, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहेच.

या संदर्भात आर्सचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. ते १८१८ पासून १८५९ साली मृत्यू येईपर्यंत एकाच खेड्यात राहिले, दिवसाचे कित्येक तास प्रायश्चित्त संस्कारासाठी बसत आणि अत्यल्प झोपत. १९२९ साली अकराव्या पायस पोपमहोदयांनी त्यांना धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते घोषित केले. परंतु याच संताने एकांतवासासाठी आर्स सोडून जाण्याचा प्रयत्न एकदा नव्हे, अनेकदा केला होता, हे प्रवचनांत सहसा सांगितले जात नाही. संतांची जागरणे ही ईश्वराची विशेष देणगी; ती सेमिनरीच्या वेळापत्रकाचा नमुना होऊ शकत नाहीत.

ख्रिस्तसभेच्या कायद्यात विश्रांतीची तरतूद स्पष्ट आहे. धर्मगुरूंना दरवर्षी योग्य सुटीचा हक्क आहे (कलम २८३) आणि प्रमुख धर्मगुरूला वर्षातून एक महिन्यापर्यंत सुटी घेता येते. वार्षिक तपसाधनेचे दिवस त्यात धरले जात नाहीत (कलम ५३३). ही कलमे वर्गात शिकविली जातात; पण सुटी कशी घ्यावी हे शिकविले जात नाही. आठवड्यातला एक दिवस राखून ठेवणे, वर्गमित्रांच्या लहान गटाला नियमाने भेटणे, एखादा खेळ, बागकाम किंवा संगीत जोपासणे, स्वतःचा स्वयंपाक करता येणे, या साध्या सवयी सेमिनरीतच लागल्या तर लागतात. सेमिनरीत घंटा वाजते आणि सगळे उठतात. घंटा नसलेल्या घरात जो उठतो, त्याचीच सवय खरी. म्हणून अखेरच्या वर्षांत घंटा कमी आणि जबाबदारी अधिक, अशी रचना असावी असे आम्हांस वाटते.

मनाचे दुखणे आणि दोन वेगळी दारे

मानसशास्त्राच्या साहाय्याविषयी अजूनही आपल्याकडे संकोच आहे. व्हॅटिकनच्या कॅथलिक शिक्षण विभागाने २००८ साली धर्मगुरुपदाच्या उमेदवारांच्या प्रवेशात व घडणीत मानसशास्त्राचा उपयोग कसा करावा यासंबंधी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. उमेदवाराची पूर्वसंमती घेऊन, त्याचे खासगीपण राखून तज्ज्ञांचे साहाय्य घेता येते. वेडा ठरविण्यासाठी नव्हे, तर घरातील जुन्या जखमा, रागाची वा न्यूनगंडाची मुळे वेळीच ओळखण्यासाठी. जखम अठराव्या वर्षी दिसली तर औषध मिळते. अडतिसाव्या वर्षी तीच धर्मग्रामाला भोवते.

मात्र विद्यार्थी मन उघडतो तो भीती नसेल तरच. म्हणून कायदेसंहितेने दोन दारे कटाक्षाने वेगळी ठेवली आहेत. विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की त्याला सेमिनरीतून काढावे, हे ठरविताना त्याच्या आत्मिक मार्गदर्शकाचे वा प्रायश्चित्त ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत कदापि विचारता येत नाही (कलम २४०). जेथे हा भेद पुसट होतो, तेथे विद्यार्थी सर्वांसमोर सारखाच गोड वागण्यास शिकतो, आणि असा गोड विद्यार्थीच पुढे सर्वांत मोठा धक्का देतो. ब्रह्मचर्याच्या शिक्षणालाही हेच लागू आहे. विषय न काढणे म्हणजे शिक्षण नव्हे.

मुलांची सुरक्षितता हा विषयही आता ऐच्छिक राहिलेला नाही. भारतात २०१२ साली बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा, 'पॉक्सो' म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. त्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे आणि न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेले व २०२३ साली कायम केलेले नियम ख्रिस्तसभेच्या अंतर्गत तक्रारींबाबत आहेत. धर्मशिक्षण, वेदीसेवक, वसतिगृह, शाळा या सर्व ठिकाणी धर्मगुरू मुलांत वावरतो. हे दोन्ही कायदे त्याला दीक्षेपूर्वीच तोंडपाठ हवेत.

लोकांची भाषा

कायदेसंहितेचे कलम २४९ सांगते की, विद्यार्थ्यांना आपल्या देशाची भाषा काळजीपूर्वक शिकवावी. आपल्या सेमिनरींत अध्यापन इंग्रजीत चालते. त्याला कारणे आहेत : विद्यार्थी अनेक प्रांतांतून येतात आणि ग्रंथही इंग्रजीत असतात. परंतु परिणाम असा होतो की, कृपेविषयी, पापाविषयी, मरणाविषयी विद्यार्थी इंग्रजीत विचार करावयास शिकतो आणि मग रविवारी वेदीवरून त्याचे मराठी भाषांतर वाचून दाखवितो. मृताच्या घरी ओटीवर बसलेल्या माणसांना भाषांतर चालत नाही.

आणि मराठी तरी एक कोठे आहे? वसईत सामवेदी बोली आहे, वाडवळी आहे, कोळी बांधवांची बोली आहे. पालघर, डहाणू, तलासरी परिसरात वारली बोलतात. अहिल्यानगर जिल्ह्यात, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जी मराठी कानी पडते, ती गोदाकाठची रांगडी मराठी आहे. तेथील ख्रिस्ती समाजाचा इतिहास, त्याची गरिबी आणि जातीने दिलेल्या यातना किनारपट्टीच्या वाचकाला अनोळखी आहेत. वसईच्या बागायती गावात वाढलेल्या विद्यार्थ्याने निदान एक सुटी त्या भागात काढावी आणि तिकडच्या विद्यार्थ्याने मुंबईच्या चाळीत व झोपडवस्तीत. फादर स्टीफन्स यांना मराठी साहित्याचा अभ्यास करावा लागला तेव्हा कुठे ओवी साधली. त्यांच्यापाशी चारशे वर्षांपूर्वी जे होते ते आज आपल्या अभ्यासक्रमात ऐच्छिक विषय म्हणूनही नसावे, हे नवलच.

१७ जुलै २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी घडणीतील साहित्याच्या स्थानाविषयी एक पत्र लिहिले. कादंबऱ्या व कविता वाचल्याने दुसऱ्याच्या अंतःकरणाचा आवाज ऐकण्याची सवय लागते, असे त्याचे प्रतिपादन आहे आणि सेमिनरींनी वाचनाकडे करमणूक म्हणून पाहू नये, अशी त्यात अपेक्षा आहे. योगायोग असा की, त्याच महिन्याच्या २५ तारखेला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे निधन झाले. 'सुवार्ता'चे संपादन, 'सुबोध बायबल', हरित वसईचा लढा आणि २०२० साली धाराशिव येथे (तेव्हाचे उस्मानाबाद) भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ही त्यांची कामे सर्वांना ठाऊक आहेत. मराठीवर प्रभुत्व असलेला धर्मगुरू आपल्या समाजाची वेस ओलांडून किती लोकांपर्यंत पोहोचतो, हे त्यांच्यात दिसले. पाणी आणि जमीन हा पालकीय विषय आहे, हेही त्यांनी २०१५ च्या पर्यावरणविषयक विश्वपत्राच्या कितीतरी आधी ओळखले होते.

हिशोब आणि पंगत

दोन विषय थोडक्यात. धर्मग्रामाचा पैसा हा पुष्कळ भांडणांचा उगम आहे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे (कलम ५३७). जमाखर्च नीट ठेवणे आणि वर्षाअखेर हिशोब देणे ही व्यवस्थापकाची कर्तव्ये कलम १२८४ मध्ये नोंदली आहेत. आपल्याकडे त्यात १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची भर पडते. ताळेबंद वाचता न येणारा धर्मगुरू एकतर सर्वांवर संशय घेतो किंवा कोणावरही विश्वास टाकतो. एका सत्राचे शिक्षण आणि एखाद्या धर्मग्रामाच्या कार्यालयात काढलेले दोन महिने एवढ्याने यात पुष्कळ फरक पडेल.

दुसरा विषय लोकांबरोबर काम करण्याचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे पार पडलेल्या धर्मसभासंमेलनाच्या अंतिम दस्तऐवजात धर्मगुरूंच्या घडणीची मार्गदर्शिका सहयात्रेच्या दृष्टीने सुधारावी, घडणीत स्त्रियांचा लक्षणीय सहभाग असावा आणि उमेदवारांनी सामान्य श्रद्धावंतांच्या दैनंदिन जीवनात मिसळावे, असे म्हटले आहे. सहा वर्षे केवळ पुरुषांच्या पंगतीत जेवलेल्या तरुणाला एकदम महिला मंडळाची सभा चालवावयास लावणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. एखादी विवाहित शिक्षिका, एखादी परिचारिका, एखादी धर्मभगिनी त्याच्या मूल्यमापनात सहभागी झाली, तर त्याचे असे काही दोष व गुण दिसतील जे प्राध्यापकांना दिसत नाहीत.

पहिली पाच वर्षे

घडण दीक्षेने संपत नाही; कलम २७९ धर्मगुरूंनी पुढेही अभ्यास चालू ठेवावा असे सांगते. परंतु सर्वांत नाजूक काळ पहिल्या चार-पाच वर्षांचा. त्यात पहिल्या नेमणुकीचे प्रमुख धर्मगुरू हेच खरे शेवटचे प्राध्यापक ठरतात. म्हणून नवदीक्षितांना कोठे रिक्त जागा आहे एवढे पाहून न पाठविता कोणाच्या हाताखाली पाठवावे, याचा विचार व्हावा. कलम २८० धर्मगुरूंच्या सहजीवनाची जोरदार शिफारस करते. एका छताखाली राहूनही वेगवेगळ्या वेळी जेवणारे दोन धर्मगुरू हे सहजीवन नव्हे.

गोव्याचे संत जोसेफ वाझ (१६५१–१७११) यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. डचांच्या अमलाखालील श्रीलंकेत ते १६८७ साली वेषांतर करून गेले, तमिळ शिकले, पुढे कँडी येथे कैदेत पडले, सिंहली शिकले आणि जवळजवळ दहा वर्षे एकट्याने राबले. त्यांच्या शौर्याचे गोडवे आपण गातो. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपदही मिळाले. पण श्रीलंकेस जाण्यापूर्वी त्यांनी गोव्यात १६८५ साली धर्मगुरूंच्या एका लहान समूहाला ओरेटरीचे रूप दिले होते, आणि त्याच घरातून पुढे त्यांना साथीदार मिळाले. त्यांत सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना करणारे फादर जाकोम गोन्साल्विस होते. वाझ यांच्या मागे घर होते, म्हणून काम त्यांच्यानंतरही चालले.

धर्मग्रामाचा वाटा

यात सामान्य श्रद्धावंतांचे काय काम, असे कोणी विचारील. सेमिनरीचे विद्यार्थी शनिवार-रविवारी धर्मग्रामात येतात, उन्हाळ्याच्या शिबिरात मुलांना शिकवितात, डीकन म्हणून काही महिने राहतात. त्या काळात त्यांना घरी जेवावयास बोलवावे. पण भेटवस्तूंनी लादू नये. मोटारसायकल आणि महागडा फोन दीक्षेपूर्वीच मिळालेल्या तरुणाला साधेपणा शिकविणे सेमिनरीला अवघड जाते. त्याचे प्रवचन लांबले, तो मुलांवर ओरडला, किंवा एखाद्या आजाऱ्याजवळ तो शांतपणे तासभर बसला, तर ते रेक्टरना कळवावे. तक्रार जशी कळवितो तसे चांगलेही.

दीक्षेपूर्वी उमेदवाराचे नाव त्याच्या धर्मग्रामात वाचून दाखविण्याची प्रथा आहे. विवाहाच्या हाकांप्रमाणे लोक ते ऐकतात आणि विसरतात. ही केवळ औपचारिकता नाही. दीक्षेला बाधक अशी एखादी गोष्ट ठाऊक असल्यास ती दीक्षेपूर्वी प्रमुख धर्मगुरूंना किंवा बिशपांना कळविणे हे कलम १०४३ नुसार श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे. ऐकीव गोष्ट, घराण्याचे वैर, जमिनीचा वाद या गोष्टी त्यात येत नाहीत. स्वतः पाहिलेले, तारीख-ठिकाणासह, सही करून, बंद पाकिटात द्यावे. निनावी पत्रांवर निर्णय घेणे कोणालाही कठीण जाते, आणि नाव वाचल्यापासून दीक्षेपर्यंत फारच थोडे दिवस हाती असतात.